स्नेहलचे पप्पा

आतून येणारी घुंगरांची किणकिण थांबली, म्हणून कृष्णात भट्टीवरून उठला. हुपरीत घराघरात चांदीचं काम चालतं. तो चांदी आटवायचा, तारा ओढायचा, आणि शालन ओसरीवर बसून पैंजणांना घुंगरू जोडायची. लग्न झाल्यापासून दुपारभर तो आवाज त्याच्या कानांत असायचा. आवाज असला की तिकडे लक्ष जायचं नाही. थांबला की जायचं.

शालन भिंतीला पाठ टेकून बसली होती. तोंड पांढरंफटक पडलेलं, मांडीवरची घुंगरं फरशीवर विखुरलेली. भर दुपारी ती दाराकडे बघून कापत होती.

"काय झालं गं?"

"दाराआड कोण तरी उभं हाय," ती म्हणाली.

दाराआड केरसुणी होती. त्याने दार उघडून दाखवलं. थोड्या वेळाने तिचं कापणं थांबलं. ती लाजली आणि घुंगरं वेचायला लागली. आधी जळक्या गुळाचा वास आला, मग पोटातून भीती वर चढली, एवढंच तिला सांगता आलं.

मग तसं वारंवार होऊ लागलं. शेजारच्या आक्कांनी लिंबू उतरवून टाकलं आणि देवऋष्याचं नाव सुचवलं. इचलकरंजीला बँकेत नोकरी करणाऱ्या लेकीने, स्नेहलने, त्यावर आईवडिलांशी वाद घातला नाही. सुट्टी टाकून ती आली आणि दोघांना गाडीत घालून कोल्हापूरला घेऊन गेली.

तिथे डॉ. रेहाना मुजावर यांनी डोकं तपासून झाल्यावर छातीचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा कृष्णातला वाटलं, डॉक्टरांचाच काहीतरी घोटाळा झालाय. भीती डोक्यात असते, छातीत काय बघायचं? पण भीतीचं मूळ छातीतच निघालं. उजव्या फुप्फुसात, मधल्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ.

घरात विडी-सिगारेट कोण ओढतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. कृष्णातने मान खाली घातली.

"आता कोण न्हाई ओढत," शालन त्याच्याआधीच म्हणाली.

आयुष्यभर विडी त्याने ओढली होती, भट्टीचा धूरही त्याचाच, आणि गाठ तिला झाली होती.

डॉ. मुजावर यांना सोपं करून सांगायची सवय होती. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत एक विचित्र गोष्ट घडते, त्या म्हणाल्या. त्या गाठीच्या पेशी अशी प्रथिनं बनवू लागतात जी एरवी फक्त मेंदूच्या आणि मज्जातंतूंच्या पेशींतच सापडतात. शरीराची राखण करणाऱ्या पेशींना ते खटकतं. मेंदूतली वस्तू फुप्फुसात कशी, म्हणून त्या गाठीवर तुटून पडतात. त्यामुळेच ही गाठ दाण्याएवढी राहिली आहे, नाहीतर या जातीची गाठ फार लवकर पसरते. औषधांनी ती हटते, पण बहुतेक वेळा फिरून येते. मावशींच्या शरीराने जे केलंय ते कुठल्याही औषधाला जमलेलं नाही.

"मग चांगलंच की," कृष्णात म्हणाला.

"चोराने घरच्या माणसाचे कपडे घातलेत, काका. राखणीच्या कुत्र्याने त्याला कोपऱ्यात दाबून धरलंय, ते चांगलं. पण आता तोच कुत्रा तसेच कपडे घातलेल्या घरच्या माणसालाही चावायला लागलाय."

कानाच्या मागे, खोल आत, मेंदूचा एक भाग असतो. आठवणी जिथे बांधल्या जातात ती जागा आणि भीती जिथून उठते ती जागा एकमेकींना लागून असतात. राखणदार पेशी तिथे शिरल्या होत्या. म्हणून कारण नसताना भीती, नसलेला वास. आणि पुढे, आवरलं नाही तर, आठवणींचा नंबर.

"मग बांधून ठेवा की त्या कुत्र्याला," शालन म्हणाली.

"बांधला तर चोर मोकळा."

यावर गेल्या काही वर्षांत निघालेला उपाय म्हणजे झडप. गळ्याच्या हाडाखाली बसवायची, घेवड्याच्या बीएवढी. ती रक्तात थेंबाथेंबाने एक औषध सोडते आणि ते औषध राखणदारांना आवरतं. मात्र ते मेंदूपुरतं थांबत नाही, फुप्फुसातल्या राखणदारांनाही लगाम घालतं. म्हणून ते किती सोडायचं हे रोज ठरवावं लागतं. आठवण शाबूत असेल तर लगाम ढिला, गाठीला धाक. आठवण ढळू लागली तर लगाम घट्ट, मेंदूला उसंत. आठवण तपासायला घरी एक लहानसा डबा ठेवायचा. तो रोज सकाळी बाईच्या आवाजात प्रश्न विचारतो, उत्तरं ऐकतो आणि झडपेला कळवतो.

डबा बसवायला आलेली मुलगी चटपटीत होती. शालनला आतल्या खोलीत बसवून तिने कृष्णातकडून प्रश्न भरून घेतले. माहेरचं गाव, आईचं नाव, लेकीचं शिक्षण. शेवटी ती म्हणाली, "एक खुंट्याचा प्रश्न लागतो, काका. मावशी सगळं विसरल्या तरी शेवटपर्यंत विसरणार नाहीत असं काहीतरी. त्याला सगळ्यात जास्त वजन असतं."

कृष्णातने क्षणाचाही विचार केला नाही. "नवऱ्याचं नाव," तो म्हणाला.

ते तोंडातून कसं निघालं हे त्याने स्वतःलाही कधी नीट विचारलं नाही. शालनने लग्नात उंबरठ्यावर त्याचं नाव घेतलं होतं, तेव्हा बाहेर बँड वाजत होता आणि त्याच्या मित्रांनी गिल्ला केला होता. त्यानंतर कधीच नाही. 'अवो', 'ऐकलं का', आणि लेक झाल्यावर 'स्नेहलचे पप्पा'. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईने सांगितलेलं. कुणी चिडवलं की ती हसायची, नाव टाळायची, आणि हात आपसूक गळ्यातल्या डोरल्याकडे जायचा.

तपासणी मात्र बंद दाराआड व्हायची. घरचे लोक मायेने उत्तरं पुरवतात, म्हणून तसा नियमच होता. कोणतं उत्तर चुकलं हे डबा कधी सांगायचा नाही, नाहीतर माणूस घोकून ठेवतो. फक्त शेवटी दिवा लागायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे ढळतंय.

शालन त्या डब्याला मास्तरीण म्हणायची. पहिल्याच सकाळी दिवा पिवळा लागला आणि मग रोज पिवळाच.

ती घाबरली. भाजीत मीठ घातलं का, हे दोनदा चाखून बघायची. आलेल्यागेलेल्यांची नावं मनात म्हणत बसायची. एकदा कृष्णातने तिला देवापुढे बसून शाळेतल्या मैत्रिणींची नावं मोजताना पाहिलं. सगळ्या आठवल्या तरी ती म्हणाली, "यातली एखादी सुटली आसंल तर मला कसं कळणार? सुटलेलं आठवतं व्हय कुणाला?"



पण भीतीचे झटके मात्र कमी झाले. आधी दिवसाआड, मग आठवड्याने, मग बंदच. घुंगरांची किणकिण दुपारभर अखंड ऐकू येऊ लागली. स्नेहल फोनवर म्हणाली, झडप बरोबर काम करतेय. शालन पूर्वीसारखी थट्टा करू लागली. फक्त पाण्याची घागर उचलली की तिला दम लागायचा, आणि एक कोरडा खोकला घशात घर करून बसला होता. हवा बदलली की होतं तसं, असं दोघं एकमेकांना सांगत राहिले.

एका सकाळी कृष्णात बंद दाराशी जाऊन उभा राहिला. चोरी करायची म्हणून नव्हे. इतके दिवस रोज सकाळी तिने आपलं नाव घेतलं असणार आणि आपण एकदाही ऐकलं नाही, ही रुखरुख त्याला लागली होती. त्याने कान लाकडाला लावला.

माहेर कुठलं, डब्याने विचारलं. रेंदाळ, ती खणखणीत म्हणाली. आईचं नाव सांगितलं, स्नेहल काय शिकलीय ते सांगितलं.

"तुमच्या पतीचं नाव सांगा."

आत ती हसली. "रोज रोज काय इचारतीस गं बाई? स्नेहलचे पप्पा."

"कृपया नाव सांगा."

"तेच की. भट्टीवर बसत्यात ते. आमच्या घरातले."

"आठवत नसेल तर 'आठवत नाही' असं म्हणा."

"आठवत न्हाई कसं? सगळं आठवतंय."

"ठीक आहे. पुढचा प्रश्न."

दाराबाहेर कृष्णातलाही हसू आलं. एवढ्या यंत्रापुढेही बाई हटली नाही, म्हणून थोडं कौतुक वाटलं, थोडी निराशाही. तो वळला आणि दोन पावलं गेला असेल. मग तो थबकला. त्याने चौकटीला हात टेकला.

सगळ्यात जास्त वजन असलेला प्रश्न. रोजचा पिवळा दिवा. रोज आवळत गेलेला लगाम. कुत्रा इतके दिवस बांधलेला होता, आणि घरात सगळीकडे शांत होतं.

"कोण हाय दाराआड?" आतून शालनने विचारलं.

"मी हाय," तो म्हणाला.

ज्वारीच्या दाण्याची सुपारी झाली होती. कोल्हापूरला पुन्हा काढलेलं छातीचं चित्र डॉ. मुजावर यांनी दोघांपुढे धरलं. माणसाचं नाव न घेता त्याचं वर्णन करत राहणं, 'ते हे', 'आमच्या अमक्याचे बाबा', हे स्मृती ढळल्याचं अगदी पक्कं लक्षण समजतात, त्या म्हणाल्या. विसरलेला माणूस असाच वळसा घालतो. यंत्र जे शिकलं होतं ते बरोबर शिकलं होतं. आणि घरातलं बोलणं घरातच राहावं म्हणून उत्तरं दवाखान्यात येत नाहीत, नुसते गुण येतात.

"माझी आजीसुद्धा आजोबांचं नाव घेत नव्हती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी विचारायला हवं होतं."

कृष्णातने तो प्रश्न कुणी भरला ते सांगितलं. शालनने त्याच्याकडे बघितलं. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं.

"एवढं ऐकायचं हुतं तर मला सांगायचं," ती म्हणाली. "मास्तरणीला कशाला मधे घातलंत?"

आता झडप जवळजवळ पूर्ण मिटावी लागणार होती. लगाम सोडला की राखणदार गाठीवर तुटून पडतील. ती हटेलही, पण मेंदूवर ते किती जातील हे आधी सांगता येत नाही. गेलेल्यातलं काही परत येतं, काही येत नाही. तो खुंट्याचा प्रश्न काढून दुसरा घालू, असं डॉक्टर म्हणाल्या. शालनने मान हलवली. राहू दे म्हणाली, मी घेईन नाव. जे सगळ्यात शेवटी जाणार तेच विचारलेलं बरं.

बाहेरच्या बाकावर दोघंच बसले असताना ती म्हणाली, "मला जगायचंय. स्नेहलचं लेकरू बघायचंय. पण श्वास चाललाय आनि तुम्ही कोण ते ठावं न्हाई, असलं जगणं मला नको. तसं दिसलं की झडप उघडायला सांगा. स्नेहलला इचारत बसू नका, ती न्हाई म्हणंल."

"मला कसं कळणार?"

"तुमाला कळंल."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. यंत्राचे गुण काहीही असोत, कृष्णात चौगुले सांगतील तेव्हा झडप उघडायची.

"नाव घेतलं तर तुमचं आयुष्य कमी हुतंय म्हणत्यात," गाडीत बसताना ती म्हणाली.

"सत्तरी आली. आता कमी होऊन किती होणार?"

"तुमच्या हिशेबानं नगा बोलू."

दुसऱ्या सकाळी तो दाराशी उभा होता. तपासणीच्या वेळी दार किंचित उघडं ठेवायची परवानगी आता मिळाली होती. प्रश्न आला. शालनने पदर सावरला, हात डोरल्यावर ठेवला, डोळे मिटले आणि पुटपुटली, "कृष्णात."

दिवा हिरवा लागला. आयुष्यभर वाट बघितलेला तो शब्द ऐकून त्याला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. पण अंगावर काटा आला. ती बाहेर आली, त्याच्याकडे निरखून बघितलं, आणि त्या दिवशी त्याला भट्टीवर जाऊ दिलं नाही.

भीती परत आली. जळका गूळ, दाराआडचा माणूस, पूर्वीपेक्षा जास्त वेळा. घुंगरांची किणकिण मध्येच तुटायची आणि कृष्णात हातातलं काम टाकून धावायचा. ती त्याच्या दंडात नखं रुतवून बसायची. झटका ओसरला की म्हणायची, "सुटलाय जणू कुत्रा." तेव्हा दोघं हसायचे. भीती येतेय म्हणजे राखण जागी आहे, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. आपली बायको घाबरावी म्हणून वाट बघत बसायचं, ही कसली वेळ, असं कृष्णातच्या मनात यायचं.

खोकला कमी झाला. दम लागायचा थांबला. पुढच्या चित्रात सुपारीचा वाटाणा झाला होता. स्नेहल पेढे घेऊन आली आणि तिने आईला मिठी मारली. शालननेही तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. फक्त स्नेहल निघताना शालन म्हणाली, "परत ये हं बाळ, आईबापाला घेऊन ये." स्नेहलला ती थट्टा वाटली. पूर्वी ती अशी थट्टा करायची.

दिवा रोज हिरवा होता.

नावात मात्र काहीतरी बदलत होतं. आधी ते पुटपुटणं होतं, मग बोलणं झालं. मग एक दिवस प्रश्न पुरा व्हायच्या आत आतून आवाज आला, "कृष्णात!" शाळेतली पोर हजेरी देते तसा. कृष्णातने दाराच्या फटीतून बघितलं. शालनचे दोन्ही हात मांडीवर पडले होते.

त्याच दुपारी कोल्हापूरचा एक सराफ माल न्यायला आला होता. ओसरीवरून हाक आली, "कृष्णात, पाणी आण की रं."

सराफ हसला. "काकू आता एकदम नव्या जमान्यातल्या झाल्या की."

कृष्णातही हसला. त्याने माल मोजून दिला, सराफाला निरोप दिला, पाण्याचा तांब्या भरला आणि तो तिच्यासमोर जाऊन बसला. ती पैंजण कानाशी धरून वाजवत होती. हातांना काम येत होतं.

"शालन, मी कोण?"

"कृष्णात." तिने लगेच सांगितलं.

"कृष्णात कोण?"

ती विचारात पडली. त्याच्या चेहऱ्यावर कुठे काही लिहिलेलं आहे का, अशी बघत राहिली.

"ते न्हाई ठावं," ती म्हणाली. मग त्याला वाईट वाटलं असं वाटून समजुतीच्या सुरात पुढे म्हणाली, "पण नाव बरोबर हाय. मास्तरीण हिरवा दिवा लावती."

"आणि स्नेहलचे पप्पा?"

तिने मान हलवली. त्या नावाचं कुणी तिच्या ओळखीचं नव्हतं.

कृष्णात उठून भट्टीपाशी गेला. विस्तव विझत आला होता. एक फोन केला तर लगाम घट्ट होणार होता. मग कदाचित ती परत येईल, थोडी. आणि तो वाटाणा पुन्हा सुपारी होईल, हे मात्र नक्की. फोन केला नाही तर ती जगेल, कदाचित त्याच्या मागेही. ओसरीवर बसून घुंगरू जोडत राहील, चांगल्या स्वभावाची, कुणाचीच नसलेली. हे कुणाला कळणारही नाही. यंत्र म्हणेल सगळं शाबूत आहे. स्नेहल म्हणेल आई वाचली. मोडलेला शब्द फक्त त्याला माहीत असेल.

त्याला भीती वाटली. खरी भीती, कसलाही वास नसलेली. आतून किणकिण ऐकू येत होती आणि ती थांबावी की चालू राहावी हे त्याला कळत नव्हतं.

शेवटी त्याने दवाखान्यात फोन लावला. उचलणाऱ्या नर्सने कागद बघितले असावेत, कारण तिचा आवाज गोंधळला. "काका, मावशींचे गुण तर पूर्ण आहेत. गाठही उतरतेय. तुमचं नावसुद्धा रोज बरोबर घेतात, नाही का?"

"घेतीया," कृष्णात म्हणाला. "म्हणून तर सांगतोय. झडप उघडा."

त्याला तेच पुन्हा डॉ. मुजावर यांना सांगावं लागलं. त्यांनी काही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "बरं, काका."

त्यानंतर भीतीचे झटके एकेक करून मावळत गेले. मध्ये एकदा शालनने खोकल्यावर आलं-मध कुठे ठेवलंय ते न विचारता फडताळ उघडलं. एकदा आक्कांना नावाने हाक मारली. कृष्णात त्यातून काही अर्थ काढायला धजला नाही.

रोज सकाळी तो दाराशी जाऊन उभा राहायचा. आजही उभा होता. आत तिने माहेरचं गाव सांगितलं, मध्ये खोकली, पुन्हा सांगितलं. आईचं नाव सांगायला वेळ लागला.

"तुमच्या पतीचं नाव सांगा," डबा म्हणाला.

कृष्णातने फटीला डोळा लावला. एके काळी याच दाराशी तो हे नाव ऐकायला आला होता. आता ते तिच्या तोंडून येऊ नये म्हणून तो श्वास धरून उभा होता, आणि आतून अजून काहीच आवाज आला नव्हता.